शस्त्र विश्वासू असूं शकतें काय?

एका खेड्यांतील मंडळीच्या उपदेशकांनीं आमच्याकडे एक प्रश्न लिहून पाठविला आहे. त्यांच्या मंडळींतील एक तरुण फौजेंत असून नुकताच रजेवर घरीं आला होता. रविवारीं उपासना सुटल्यावर त्यानें चार मित्रांस एका पिस्तुलाचें चित्र दाखविलें. पिस्तूल जुन्या घाटाचें, पण लहान बोअरचें होतें. आणि तो म्हणाला कीं, हें जसें देखणें आहे तसेंच विश्वासूही आहे. हें ऐकून मंडळीचे एक वृद्ध वडील संतापले. प्रभूच्या मंदिराच्या ओट्यावर हत्याराची स्तुति! तेव्हां तरुणानें विचारलें, "बाबा, विळा चांगला आहे असें म्हटलेलें चालतें, मग ह्यालाच कां नाहीं?" वडिलांजवळ उत्तर नव्हतें. आपणांजवळही नव्हतें, असें उपदेशक प्रांजळपणें लिहितात.

प्रथम तरुणाची बाजू ऐकूं. ज्या घाटाचें तें पिस्तूल होतें, तो घाट जॉन मोझेस ब्राउनिंग ह्या अमेरिकन कारागिराचा. हा १८५५ सालीं युटा प्रांतांतील ऑग्डेन गांवीं एका बंदूक घडविणाऱ्याच्या घरीं जन्मला, आणि १८८७ सालीं आपल्या मॉर्मन पंथाचा प्रचारक होऊन जॉर्जिया प्रांतांत गेला होता. त्या पंथाचीं मतें आम्हांस मान्य नाहींत. पण शुभवर्तमानाच्या कामास निघालेल्या हातांनींच पुढें जगांतील नामांकित हत्यारें घडविलीं, हें वाचून आम्ही क्षणभर थबकलों खरे. त्याचें मोठें पिस्तूल अमेरिकन सैन्यानें १९११ सालीं पत्करलें. पत्करण्यापूर्वीं त्यांतून ६,००० गोळ्या झाडून पाहिल्या. एकदांही तें अडकलें नाहीं. १९८५ सालापर्यंत तें सैन्याचें ठरावीक पिस्तूल होतें. अशा कारागिरीस देखणी म्हणणें पाप आहे, असें आम्हांस म्हणवत नाहीं. सुताराच्या दुकानांत वाढलेल्या प्रभूचे आपण शिष्य आहों. चांगल्या सांध्याची किंमत आपणांस कळली पाहिजे.

परंतु तें पिस्तूल मोठें कां केलें, हेंही तरुणानें सांगावयास पाहिजे होतें. फिलिपाइन्स बेटांतील लढायांत अमेरिकन सैन्याच्या लहान गोळीनें माणूस जागच्या जागीं पडेना, अशी तक्रार झाली. मग १९०४ सालीं शिकागो येथील कत्तलखान्यांत जिवंत गुरांवर, तसेंच माणसांच्या प्रेतांवरही, निरनिराळ्या गोळ्या झाडून कोणती किती काम देते तें पाहण्यांत आलें. त्यानंतर पंचेचाळीस बोअर ठरलें. त्याची गोळी साडेअकरा मिलिमीटर जाड व सुमारें १५ ग्रॅम वजनाची असते. ज्यांनीं आजारी बैलाजवळ रात्र काढली आहे, त्या आमच्या वाचकांस ह्याहून अधिक सांगणें नको.

लहान बोअर आलें तें काटकसरीपोटीं. मोठें काडतूस महाग, आणि शिकाऊ शिपायास रोज नेम धरावा लागतो. म्हणून १९३१ सालीं कोल्ट कारखान्यानें तोच घाट, तेंच वजन ठेवून बावीस बोअरचें पिस्तूल काढलें व त्यास 'एस' हें नांव दिलें. बावीस बोअरची गोळी अडीच ग्रॅमच्या आसपास. आणि येथेंच अडचण आली. पिस्तुलाचा वरचा पोलादी भाग प्रत्येक गोळीच्या धक्क्यानें मागें सरकतो, रिकामें काडतूस बाहेर फेंकतो व नवें आंत घेतो. एवढ्याशा काडतुसाच्या धक्क्यास तें पोलाद जड जातें. शिवाय ह्या काडतुसाचा पेटता मसाला बुडाच्या कांठांत भरलेला असतो. तो कोठें विरळ बसला तर बार उडत नाहीं. कांठ बाहेर आलेला असल्यामुळें काडतुसें एकमेकांत अडकतात, तें वेगळेंच. आजही ह्या जातीचीं पिस्तुलें करणारे वरचा भाग पुष्कळदां हलक्या धातूचा करितात, तो ह्याचसाठीं. २०११ सालीं जुन्या पिस्तुलाच्या शंभरीनिमित्त ब्राउनिंगच्या नांवाच्या कंपनीनें शेंकडा ८५ आकाराचें बावीस बोअरचें पिस्तूल काढलें. तरुणाच्या हातीं बहुधा त्याचेंच चित्र असावें.

कोल्टची ती अडचण ज्यानें दूर केली, तो डेव्हिड मार्शल विल्यम्स नांवाचा नॉर्थ कॅरोलायना प्रांतांतील मनुष्य. १९२१ सालीं चोरट्या दारूच्या भट्टीवर छापा पडला असतां एक पोलीस अंमलदार गोळीनें मेला, व त्या खुनाबद्दल विल्यम्सला ३० वर्षांची शिक्षा झाली. तुरुंगाच्या अधिकाऱ्यानें त्याच्या हातांतील कसब पाहिलें आणि त्यास लोहारकामाच्या खोलींत काम करूं दिलें. त्या खोलींत, खुनाच्या कैद्यानें, बंदुका घडविल्या! १९२९ सालीं तो सुटला. त्यानें असा एक सुटा तुकडा योजिला कीं, काडतूस त्यांत बसावें, दारूच्या वायूनें तो तुकडा मागें ढकलला जावा, आणि लहान गोळीचा धक्का मोठ्या गोळीसारखा व्हावा. कोल्टनें तो आपल्या पिस्तुलांत घेतला.

आतां मूळ प्रश्न. तें पिस्तूल अडकत नाहीं, म्हणून तें विश्वासू म्हणावें काय? आमच्या मतें तें भरवशाचें आहे, विश्वासू नाहीं. चाप ओढणारा हात कोणाचा आहे, हें पिस्तूल विचारीत नाहीं. त्यास नाहीं म्हणतां येत नाहीं, आणि ज्यास नाहीं म्हणतां येत नाहीं त्याच्या होकारास विश्वासूपणा म्हणतां येत नाहीं. धन्यानें खोटें वजन धर म्हटलें असतां जो नोकर मान हलवितो व धरीत नाहीं, तोच त्या दुकानांतला विश्वासू नोकर. १९१४ सालच्या जून महिन्याच्या २८ तारखेस सारायेव्हो शहरीं ऑस्ट्रियाचा युवराज व त्याची पत्नी मारलीं गेलीं, तीं ब्राउनिंगनेंच आखलेल्या व बेल्जियममध्यें केलेल्या लहान पिस्तुलाच्या दोन गोळ्यांनीं. त्यानंतर जें महायुद्ध पेटलें, त्यांत आपल्या गांवचे किती गडी गेले त्याचे दगड साताऱ्याकडील कित्येक गांवांत अजून भिंतींत बसविलेले आहेत. आणि १९४८ सालच्या ३० जानेवारीस दिल्लींत गांधीजींवर तीन गोळ्या झाडल्या गेल्या, तेंही इटलींतील बेरेटा कारखान्याचें, आंखूड काडतुसाचें, खिशांत मावणारें पिस्तूल होतें. झाडणारा आमच्या पुण्याचा. पिस्तूल त्या सायंकाळीं अडकलें नाहीं. त्यास कोणी विश्वासू म्हणेल काय?

लहान आहे म्हणून निरुपद्रवी, ही दुसरी भूल. शास्ते ह्या पुस्तकांत एहूदाची हातभर कट्यार वस्त्राखालीं लपली, ती लहान होती म्हणूनच. उलट दावीदानें शौलाचें चिलखत परत केलें व गोफण घेतली, तीही लहानच. पण त्याचें कारण त्यानें स्वतः सांगितलें: चिलखत त्यानें वापरून पाहिलें नव्हतें. गोफण रानांत मेंढरांमागें हातीं बसली होती. सवय हातास बसते ती लहान वस्तूनेंच, आणि ती कोठें नेते हें वस्तूवर नव्हे, हातावर अवलंबून आहे. कोल्टचें लहान पिस्तूल मोठ्याची तयारी म्हणून निघालें. तशाच बावीस बोअरच्या पिस्तुलानें कोल्हापूरच्या राही सरनोबत ह्यांनीं २०१८ सालच्या आशियाई खेळांत २५ मीटरच्या नेमबाजींत सुवर्णपदक मिळविलें. त्यांत कागदाशिवाय कशासही भोंक पडलें नाहीं. म्हणून त्या वृद्ध वडिलांचा सरसकट संताप आम्हांस पटत नाहीं. मात्र विळ्याची तुलनाही पुरी पडत नाहीं. विळा गवतासाठीं केला आहे. कधीं कोणी त्यानें माणूस मारिला तर तो विळ्याचा दुरुपयोग. पंचेचाळीस बोअर कशासाठीं ठरविलें हें वर सांगितलेंच आहे, आणि घाट उसना घेतला म्हणजे त्याची आठवणही थोडी बरोबर येते.

ह्या सर्व हकीकतींत विश्वास हा शब्द शोभेल अशी जागा आम्हांस एकच दिसते, आणि ती कारखान्यांत नाहीं. तुरुंगाच्या अधिकाऱ्यानें खुनी ठरलेल्या मनुष्याच्या हातीं पोलाद व हत्यारें दिलीं, ती जागा. तो मनुष्य विश्वासघात करूं शकत होता. त्यानें केला नाहीं.

उपदेशकांस आमची सूचना अशी: त्या तरुणाची रजा संपण्यापूर्वीं एखाद्या बुधवारच्या प्रार्थनासभेंत त्यास विल्यम्सची हकीकत मंडळीपुढें सांगावयास लावावें. यंत्राचा भाग तो आमच्यापेक्षां चांगला सांगेल. वृद्ध वडिलांस पुढच्या बांकावर बसवावें, आणि प्रश्न विचारण्याचा पहिला मान त्यांस द्यावा.