उपटलेली घोळ

ज्यांच्या दारी भाजीचा वाफा आहे त्यांस घोळीची ओळख करून द्यावयास नको. ती केवळ तण आहे असे म्हणवत नाही. तिची आंबूस भाजी डाळ घालून आपण आवडीने खातो, आणि कित्येक जण ती मुद्दाम पेरितात. एकाच वाफ्यात राखून कोवळी असता खुडीत गेले तर ती घरास उपयोगीच पडते. परंतु हीच घोळ मिरचीकांद्यांत शिरली म्हणजे जमिनीलगत पसरून कोवळ्या रोपांचा जीव गुदमरविते.

तिला आवरण्याचे नियम तीन आहेत. पहिला, पिवळी फुले येण्यापूर्वीच ती काढावी. कारण एकेका झाडास बारीक काळे बी हजारोंनी धरते. दुसरा, ती मुळासकट घ्यावी. ओल मिळाली की तुटक्या देठासही मुळे फुटतात. तिसरा नियम आपण बहुधा विसरतो: उपटलेली घोळ वाफ्यात पडू देऊ नये. तिच्या मांसल देठांत पाणी साठलेले असते. म्हणून ती कित्येक दिवस जिवंत राहते, पुन्हा रुजते, आणि पडल्या जागी बीही पिकविते. 1879 साली अमेरिकेतील मिशिगन येथे प्राध्यापक बील यांनी तणांचे बी बाटल्यांत भरून पुरून ठेविले. त्यांत घोळीचेही होते. अनेक वर्षांनी उकरिले असताही ते उगवले.

आता आपल्या मंडळीकडे पाहू. शेजाऱ्याची चूक दाखविणारा शब्द समोरासमोर व प्रीतीने बोलला तर हितकर होतो. तोच ओट्याओट्यावर पसरला म्हणजे दोन घरांचे येणेजाणे बंद पडते. मग पंच बसतात, दोघे हात जोडतात, आणि प्रभुभोजनास एकत्र येतात. तंटा उपटला खरा. पण तो टाकिला कोठे? “मी क्षमा केली, तरी झाले ते असे,” असे आपण पुनःपुन्हा सांगत असू, तर तो वाफ्यातच पडला आहे. आपली लेकरे ते ऐकतात, आणि आपण गेल्यावर ते बी त्यांच्या अंगणात उगवते.

देवाने आपल्या पातकांची क्षमा केली, ती पुन्हा आपल्या दारी आणून टाकिली नाहीत. ह्यास्तव ज्या अपराधाची क्षमा झाली त्याचा उच्चार घरात, निदान लेकरांपुढे, करू नका. उद्या खुरपे घ्याल तेव्हा बरोबर पाटीही घ्या. उपटलेले तीत भरून वाफ्याबाहेर न्या.