अर्ज नामंजूर

बसा. मागच्यांनीही पुढं या, मोबाइल खिशात ठेवा. गणवेशाचं पुढच्या शनिवारी बघू. आज फक्त हा अर्ज. खाली अकरा सह्या आहेत. दुसरीतल्या नव्या मुलाला ‘आमच्या पाल्यांपासून वेगळे बसवावे’. कारण काय, तर ‘मुलांवर परिणाम होतो’.

परिणाम मी सांगते. वर्गात मी होते, तुम्ही नव्हता. पहिल्या दिवशी तो वॉकर ढकलत आला. पायांत कॅलिपर, हनुवटीवर लाळ. पोरांनी टक लावून पाहिलं. मग एकानं विचारलं, “झोपतानी काढतं काय बे हे लोखंड?” तो म्हणाला, “काढतो.” बोलणं अडखळत, पण सगळ्यांना कळलं. दुसरी म्हणे, “बाई, त्याचा पाय असा काहून?” मी सांगितलं, डोकं पायाला निरोप धाडतं, याचा निरोप वाटेत अडखळतो. जिभेचंही तेच. समजतं मात्र सगळं. पाच मिनिटांत विषय संपला आणि वॉकर कोणी धरायचा यावरून मारामारी सुरू झाली. मग तेही शिकवलं: आधी त्याला विचारायचं, मग हात लावायचा.

चौथ्या दिवशी त्याच्या बाकावर तो एकटाच. एक म्हणे, आई म्हणते लागते ते. दुसरी म्हणे, गरोदरपणी ग्रहण पाळलं नसंल, आजीनं सांगितलं. तिसरा म्हणे, मस्ती केली तर तुझंही असंच होईल, पप्पा म्हणाले. वा! सात वर्षांच्या पोराला वठणीवर आणायला दुसऱ्याच्या लेकराचा पाय वापरता? बागुलबुवा मेला काय तुमचा?

सेरेब्रल पाल्सी म्हणतात त्याला. जन्माआधी, जन्मताना किंवा अगदी लहानपणी मेंदूला इजा झाली की होतं. ग्रहणाचा संबंध नाही, पापाचा नाही. आणि लागायचा तर प्रश्नच नाही.

लागण्याची भीती, आणि तीही सेवाग्रामच्या इतक्या जवळ, सिंदी मेघेत बसून! पाहुणे आले की सेवाग्रामला बापूकुटी दाखवायला नेता, फोटो काढता. तिथंच परचुरे कुटी आहे. तिच्यासमोर कधी थांबलात? परचुरे शास्त्री संस्कृतचे पंडित. कुष्ठरोग झाला, तेव्हा आपल्याच माणसांत त्यांना जागा उरली नाही. 1939 साली ते आश्रमात आले आणि गांधींनी त्यांना ठेवून घेतलं. स्वतःच्या हातानं मालिश करत. तो रोग जंतूंचा, आणि त्या काळी त्यावर खात्रीचं औषधही नव्हतं. त्याच्याही आधी, 1936 साली, मनोहर दिवाणांनी दत्तपूरला कुष्ठसेवेचं काम सुरू केलं होतं. दत्तपूर काही परदेशात नाही. आणि तुम्हाला भीती वाटते ती कशाची, तर एका पोराच्या लाळेची. रुमालानं पुसली जाते ती. आता तोच पुसतो, मी शिकवलंय.

आणखी एक. ज्यांनी सही केली नाही त्यांनी खुशीत येऊ नये. ‘बिचारा’ हा शब्द तुमच्याच घरून आलाय. आता खेळात पोरं त्याला मुद्दाम आऊट देत नाहीत. तो इतका भडकला की चेंडू कौलावर फेकला. बिचारा वगैरे काही नाही तो. चांगलाच लबाड आहे. परवा शेजारणीचं गणित उतरवलं, तेव्हा इतरांसारखाच बोलणी खाऊन बसला. आणि घरी कोणाला लंगड्या, बहिऱ्या, तिरळ्या अशा नावानं हाक मारत असाल, तर पोरगं तीच हाक शाळेत मारणार. ते शिकायला त्याला शिकवणी लागत नाही.

बाजारात पोरानं मोठ्यानं विचारलं, “त्या काकांना पाय काहून नाही?” की तुम्ही दंड धरून ओढता, “चूप!” म्हणता. पोरानं काही चूक केली नव्हती. पण त्याला कळतं की समोर काहीतरी वाईट आहे. माहीत नसेल तर ‘मला नाही माहीत’ म्हणा. काका हसून बघत असतील तर नमस्कार करायला सांगा. दहापैकी आठ वेळा काकाच उत्तर देतील.

दिव्यांगांच्या हक्कांचा 2016 चा कायदाही आहे. दिव्यांगत्व चाळीस टक्के किंवा जास्त असेल, तर सहा ते अठरा वर्षांच्या प्रत्येक मुलाला जवळच्या शाळेत मोफत शिकायचा हक्क आहे. चारचौघांत दिव्यांग माणसाचा जाणूनबुजून अपमान केला तर सहा महिने ते पाच वर्षे कैद. घाबरवण्यासाठी नाही सांगत. खरं तर थोडं घाबरवण्यासाठीच सांगते.

त्याची जागा बदलणार नाही. पहिला बाक, खिडकीजवळ, कारण वॉकर तिथंच मावतो. शेजारी दर आठवड्याला पटावरच्या क्रमानं मूल बसेल. सोमवारी तुमची मुलगी, ताई. पहिली सही तुमचीच आहे ना.

आणि हा अर्ज घेऊन जा. मागची बाजू कोरी आहे, चित्रकलेच्या तासाला कामी येईल.