शूर नसलेल्या मुलीचं काय?

सोळा वर्षांची मुलगी धनुष्य उचलते. दुसरी खोटं बोलून मित्राला सोडवते. तिसरी थेट राजाच्या तोंडावर नाही म्हणते. अशा गोष्टी वाचायला मला मनापासून आवडतं. साक्रीत माझ्याकडे इंग्रजीच्या शिकवणीला येणाऱ्या मुलींनाही आवडतं. कुणी पुण्याहून सेकंडहँड पुस्तक मागवलेलं असतं, कुणी आधी सिनेमा पाहिलेला असतो, तोही हिंदीत डब केलेला, मोबाइलवर, आवाज बारीक करून. इंग्रजीला घाबरणारी मुलगी पुढच्या भागात काय होतं हे कळावं म्हणून डिक्शनरी उघडते, तेव्हा शिकवणारी म्हणून मला बरंच वाटतं.

पण या आनंदाच्या मागे एक प्रश्न उभा आहे आणि तो मला सोडत नाही. कणखर मुलीचं कौतुक करता करता आपण कणखर नसलेल्या मुलीवर अन्याय तर करत नाही?

आनंद नेमका कशाचा?

आधी आनंदाची बाजू. मराठीत लहानपणी साहस म्हटलं की भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे. नंतर हॅरी पॉटर आला. त्यात हर्मायनी होती, अर्धी कोडी तीच सोडवायची, पण पुस्तकाच्या नावात हॅरीच. मग हळूहळू चित्र बदललेलं दिसू लागलं. फिलिप पुलमनची लायरा १९९५ मध्ये आली. सुझन कॉलिन्सची कॅटनिस २००८ मध्ये आली आणि ‘द हंगर गेम्स’चे तीन भाग २०१० पर्यंत पूर्ण झाले. २०१८ मध्ये रोशनी चोक्शीची अरू शाह आली. तिच्या पाच पुस्तकांत पांडवांचे आत्मे आजच्या काळातल्या मुलींमध्ये जन्म घेतात. अरूमध्ये अर्जुन आहे आणि सगळ्याला घाबरणाऱ्या मिनीमध्ये युधिष्ठिर!

या पुस्तकांत लढाया भरपूर आहेत. तरी मला वाटतं, आमच्याकडच्या मुलींना खरी मजा लढाईची येत नाही. मजा येते ती निर्णयाची. कॅटनिसच्या धाकट्या बहिणीचं, प्रिमचं नाव चिठ्ठीत निघतं आणि कॅटनिस पुढे होऊन म्हणते, तिच्याऐवजी मी जाते. कुणाला विचारत नाही. तिच्या आयुष्याचा निर्णय तिच्याच तोंडून बाहेर पडतो. आमच्याकडे मुलीच्या आयुष्याचा निर्णय बहुतेक वेळा बाहेरच्या खोलीत होतो. तिथे काका, मामा, आजोबा आणि पाहुणे बसलेले असतात, आणि मुलगी आत चहा गाळत असते. अशा मुलीला कॅटनिसचं ते एक वाक्य तलवारीपेक्षा मोठं वाटणारच.

शिवाय कॅटनिसचा बारावा जिल्हा आम्हाला परका नाही. तिथला कोळसा राजधानीला जातो आणि जिल्ह्यात वीज येते ती संध्याकाळचे काही तास. साक्री तालुक्यातल्या डोंगरांवर पवनचक्क्यांच्या रांगा फिरत असतात आणि खाली शेतकरी रात्रपाळीच्या विजेवर पाणी भरायला बॅटरी घेऊन निघतो. हे चित्र मुलींना समजावून सांगावं लागत नाही.

मोठी माणसं म्हणतात, हे सगळं पळणं आहे. अभ्यास सोडून स्वप्नात राहणं. याला टॉल्कीननं १९३९ सालच्या परीकथांवरच्या व्याख्यानात उत्तर देऊन ठेवलंय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं की, तुरुंगातल्या कैद्याला बाहेरचं जग आठवलं, तर त्याला लढाईतून पळालेल्या शिपायाच्या रांगेत बसवू नका. मला हे पटतं. घराबाहेरचं जग कसं असू शकतं याची कल्पनाच नसेल, तर दार उघडं मिळाल्यावरही माणूस उंबरठ्यावर थांबतो.

निवडलेली मुलगी

माझी अडचण वेगळीच आहे.

यातल्या बऱ्याच नायिका ‘निवडलेल्या’ असतात. लायराबद्दल चेटकिणींमध्ये भाकीत आहे. अरूच्या अंगात अर्जुनाचा आत्मा आहे. ताकद जन्माबरोबर येते, वेळ आली की बाहेर पडते. गोष्ट म्हणून हे छान आहे. पण माणसाची लायकी जन्मानं ठरते, ही कल्पना आपल्याला फँटसी वाचून शिकायची गरज नाही. ती आपल्या गावच्या आळ्यांच्या रचनेतच आहे. कुणाचं घर कुठे आणि कुणाची विहीर कुठली, यात आहे.

आणि कणखर स्त्रीचं कौतुकही आपल्याला नवं नाही. वणीची सप्तशृंगी अठरा हातांची आहे. चैत्रात खान्देशातून हजारो माणसं पायी तिच्या दर्शनाला जातात. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी घरोघरी कानबाई बसते, भाऊबंद एकत्र येतात, रोट होतात. देवीसमोर सगळे वाकतात. त्याच घरातल्या सुनेला माहेरी जायला मात्र परवानगी लागते. शक्तीची पूजा आणि बाईला मोकळीक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पहिली कितीही झाली तरी दुसरी आपोआप येत नाही. फँटसीच्या बाबतीतही हेच घडू शकतं. नायिकेला टाळ्या वाजवायच्या आणि घरातल्या मुलीला विचारायचं, तू कुठे कॅटनिस आहेस?

आमच्याकडे हुशार मुलीचं सगळ्यात मोठं कौतुक अहिराणीत असं होतं: ‘हाई मन्ही आंडेर नही, आंडोर शे.’ ही माझी मुलगी नाही, मुलगा आहे. बाप हे प्रेमानंच म्हणतो, त्याचा ऊर भरून आलेला असतो. पण या वाक्यात एक अट लपलेली आहे. मुलगी मुलासारखी निघाली, म्हणून तिला मुलाचे हक्क. जी तशी निघाली नाही, तिचं काय?

माझ्याकडे दोन चुलतबहिणी शिकायला होत्या. एकाच घरातल्या, एकाच वर्गातल्या. बारावीला एकीला नव्वदच्या वर टक्के पडले आणि दुसरीला सत्तावन्न. पहिली धुळ्याला कॉलेजला गेली, खोली करून राहिली, गावानं तिचा सत्कार केला. दुसरीचं लग्न पुढच्या उन्हाळ्यात झालं. अठरा पूर्ण झाली होती, कायद्याला हरकत नव्हती. तिला लग्न नको होतं का? तिनं मला एवढंच सांगितलं होतं की, तिला अजून थोडं शिकायचं होतं, काय ते नक्की ठरलं नव्हतं. तिच्या भावाला बारावीत तिच्यापेक्षा कमी टक्के होते. तो नाशिकला शिकायला गेला. त्याला कुणी काही सिद्ध करायला सांगितलं नव्हतं.

मला इथे अन्याय दिसतो तो असा. भावाला साधारण असण्याची मुभा आहे. त्याला नापास व्हायची, वर्ष वाया घालवायची, नक्की काय करायचं ते न ठरवण्याची मुभा आहे. बहिणीला मोकळीक मिळते ती बक्षीस म्हणून, आधी काहीतरी असामान्य करून दाखवल्यावर. टक्के हे तिचं धनुष्यबाण. नेम चुकला की गोष्ट संपली.

स्वातंत्र्य जर फक्त शूरांना मिळत असेल, तर ते स्वातंत्र्य नाही, ते इनाम आहे. इनाम देणाऱ्याला ते परतही घेता येतं.

प्रिमची गोष्ट

मग या गोष्टी वाचायच्या नाहीत का? वाचायच्या. फक्त त्यात कुणाकडे बघायचं हे जरा बदलायचं.

‘द हंगर गेम्स’ मी पुन्हा वाचली तेव्हा माझं लक्ष प्रिमकडे गेलं. प्रिम बारा वर्षांची आहे. तिला शिकार जमत नाही, जखमी जनावर दिसलं तर तिला ते बरं करावंसं वाटतं. तिची एक शेळी आहे, एक कुरूप मांजर आहे. रिंगणात उतरली असती तर ती पहिल्याच दिवशी मेली असती. आणि कॅटनिस पुढे होते ती याच मुलीसाठी. प्रिमनं धनुष्य शिकावं, कणखर व्हावं, असं कॅटनिसला वाटत नाही. प्रिमला प्रिम राहता यावं म्हणून ती जाते. कॅटनिसच्या शौर्याचं मोल तिथे आहे. तिची ताकद दुसऱ्या मुलीच्या मऊपणाला जागा करून देते.

ज्यांनी शेवटचा भाग वाचला नाही त्यांनी पुढची दोन वाक्यं सोडून द्यावीत. प्रिम शेवटी वाचत नाही, आणि जखमी मुलांवर उपचार करायला धावली असताना ती मरते, तीही बंडखोरांच्याच बाजूनं आखलेल्या बॉम्बहल्ल्यात. त्यानंतर कॅटनिसचा विजय विजय वाटत नाही, आणि लेखिकेला तो तसा वाटू द्यायचाच नाही.

या पुस्तकात आणखी एक टोचणी आहे. मुलं एकमेकांशी लढतात आणि राजधानीतले लोक ते टीव्हीवर बघतात. त्यांनाही कणखर मुलगी आवडते! ते तिच्या कपड्यांची चर्चा करतात, तिच्यासाठी रडतात, तिला भेटी पाठवतात. खेळ बंद करा असं मात्र त्यांच्यातलं क्वचितच कुणी म्हणतं. निकालाच्या दिवशी ‘मुलींची बाजी’ अशी बातमी वाचताना मला हे प्रेक्षक आठवतात. धुणीभांडी करून, लहान भावंडं सांभाळून पहिली आलेल्या मुलीची बातमी आपण कौतुकानं फॉरवर्ड करतो. तिला एवढं करावं का लागलं, हा प्रश्न फॉरवर्ड होत नाही.

तीन बोटं आणि फुटलेली मडकी

गोष्टी पुस्तकाबाहेर येतात, हे खरं आहे. थायलंडमध्ये मे २०१४ मध्ये लष्करानं सत्ता घेतली तेव्हा निदर्शकांनी ‘हंगर गेम्स’मधली तीन बोटांची सलामी रस्त्यावर आणली. २०२१ मध्ये म्यानमारमध्ये तेच झालं. यात मला एक गोष्ट महत्त्वाची वाटते. लोकांनी कॅटनिसचं धनुष्य घेतलं नाही, सलामी घेतली. पुस्तकात ही सलामी आधी कॅटनिसची नसतेच. ती बहिणीसाठी पुढे होते तेव्हा जमलेली साधी माणसं तिला ती देतात. धनुष्य एकीलाच जमतं, तीन बोटं कुणालाही वर करता येतात. भीतीनं हात थरथरत असला तरी.

आमच्या भागात याचं जुनं उदाहरण आहे. शहादा आज नंदुरबार जिल्ह्यात आहे, १९९८ पर्यंत तो धुळे जिल्ह्यातच होता. तिथे १९७२ च्या सुमारास श्रमिक संघटना उभी राहिली. जमीन आणि मजुरीसाठी आदिवासींचा लढा सुरू झाला, आणि त्यातल्या बाया गावोगावच्या दारूच्या गुत्त्यांवर जाऊन मडकी फोडू लागल्या. नवऱ्याच्या मारहाणीचा प्रश्न त्यांनीच पुढे आणला. या गोष्टीत निवडलेली मुलगी नाही, भाकीत नाही. एकटीनं गेली असती तर मार खाऊन परतली असती अशी बाई, पन्नासजणींबरोबर गेली. त्या पन्नासांत भित्र्याही असणार. गटाचा उपयोगच तो असतो, की प्रत्येकीनं शूर असायची सक्ती उरत नाही.

या गोष्टीवर तीन भागांची सीरिज निघाली नाही, कारण मुखपृष्ठावर कुणाचा चेहरा छापायचा हे कळलं नसतं.

माझ्या शिकवणीतल्या खेड्यावरून येणाऱ्या मुलींकडे एसटीचा मोफत पास असतो. ग्रामीण भागातल्या बारावीपर्यंतच्या मुलींसाठीच्या त्या योजनेला अहिल्याबाई होळकरांचं नाव आहे. अहिल्याबाई असामान्य होत्या यात वाद नाही. पण त्यांच्या नावाचा पास असामान्य मुलींसाठी नाही. तो टक्के विचारत नाही, धाडस विचारत नाही. पहिल्या नंबरवाली आणि सत्तावन्न टक्केवाली एकाच बाकावर बसून येतात. मोठ्या नायिकेच्या नावाचा याहून चांगला उपयोग मला माहीत नाही.

म्हणून पुस्तकं जरूर वाचा, रात्री जागून वाचा. मीही वाचणार आहे. फक्त वाचून झाल्यावर ‘माझ्यात तिच्यासारखी हिंमत आहे का?’ एवढंच विचारून थांबू नका. ज्या मुलीत ती नाही तिला आपल्या घरात, आपल्या गल्लीत काय मिळतं, तेही बघा. मी शिकवणीत आता हे विचारते. उत्तर लगेच येत नाही. मग कुणीतरी एखादं नाव घेते. मावशीचं, शेजारणीचं, मोठ्या बहिणीचं. तिथून पुढे पुस्तक बाजूला राहतं आणि बराच वेळ त्या मुलीबद्दलच बोलणं चालतं.