तीस सप्टेंबरचा पट

जिल्हा परिषदेच्या शाळेचं नशीब वर्षातल्या एकाच दिवशी ठरतं, ३० सप्टेंबरला. त्या दिवशी पटावर किती मुलं, त्यावरून संचमान्यता होते. संचमान्यतेवरून शिक्षकांची पदं, पदांवरून समायोजन, आणि अलीकडे शाळा राहणार की जाणार हेही. शिक्षण हक्क कायद्याचं कोष्टक साधं आहे : पहिली ते पाचवीला साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक, एकसष्टावं मूल आलं की तिसरा. त्यामुळे मे-जूनच्या उन्हात गुरुजी आणि मॅडम दारोदार फिरून मुलं गोळा करतात तेव्हा त्यात शिक्षणाची तळमळ किती आणि पद टिकवण्याची काळजी किती, हे वेगळं काढता येत नाही. मला त्यात गैर काही वाटत नाही. ज्या गोष्टीवर सरकार शिक्षक देतं, तीच गोष्ट शिक्षक सांभाळणार.

पण लातूर जिल्ह्यातल्या उदगीर तालुक्यात, आणि त्याच्या शेजारच्या जळकोट, देवणी भागात, या तारखेत एक गोम आहे. सप्टेंबरअखेर सोयाबीन काढणीला आलेलं असतं, माणसं गावात असतात, मुलं शाळेत असतात. ऊसतोडीसाठी मुकादमाकडून घेतलेली उचल मात्र आधीच खर्च झालेली असते. दसरा-दिवाळी उरकली की टोळ्या निघतात. कोणी सांगली-कोल्हापूरकडे, कोणी सीमेपलीकडे कर्नाटकातल्या कारखान्यांवर. तांड्यावरची, वाडीवरची लेकरं आईबापांबरोबर फडावर जातात ती पाडव्याच्या आसपास परततात. म्हणजे शिक्षक मंजूर होतात ते सप्टेंबरच्या मुलांवर, आणि जानेवारीत वर्गात असतात ती वेगळीच मुलं : म्हाताऱ्यांपाशी ठेवलेली, धाकट्या भावंडांना सांभाळत अधूनमधून येणारी. गेलेलं मूल पटावर हजर असतं, पुस्तकाच्या दहाव्या धड्यावर मात्र ते कधी पोचत नाही. एप्रिलमध्ये ते परत येतं तेव्हा परीक्षा तोंडावर आलेली असते. पुढच्या वर्षी ते पुढच्या वर्गात बसतं.

यावर उपाय म्हणून हंगामी वसतिगृहाची योजना आहे. आईबाप गेले तरी मुलानं गावातच नातेवाइकांकडे राहावं, शाळेनं त्याला जेवू घालावं, अशी कल्पना. कल्पना उत्तम आहे. पण टोळी ठरते तेव्हा मंजुरीचा पत्ता नसतो आणि मंजुरी येते तेव्हा मूल फडावर असतं, ही तक्रार ऊसतोड पट्ट्यात जुनीच आहे. कारण हंगाम मुकादमाच्या हाती असतो, आणि मंजुरी ज्यांच्या हाती असते त्यांना मुकादम भेटत नाही.

पटाचं हे प्रस्थ आलं कुठून, हे पाहायला शेजारच्या नांदेडला जावं लागेल. २०११ साली तिथले तेव्हाचे जिल्हाधिकारी श्रीकर परदेशी यांनी शाळांची अचानक मोजणी करून घेतली आणि कागदावरची मुलं प्रत्यक्षात नाहीत हे उघड झालं. त्यावरून ऑक्टोबर २०११ मध्ये सबंध राज्यात तीन दिवस पटपडताळणी झाली. एकच मूल दोन शाळांत मोजलं जाऊ नये म्हणून मुलांच्या बोटाला मतदानासारखी शाई लावली गेली. बोगस विद्यार्थ्यांचा आकडा लाखांच्या घरात निघाला. तुकड्या, अनुदान, पोषण आहाराचा तांदूळ, सगळं या नसलेल्या मुलांच्या नावावर उचललं जात होतं. ती मोहीम गरजेचीच होती, आणि मराठवाड्यानं तिची सुरुवात केली याचा अभिमान बाळगायला हरकत नाही.

मात्र त्यानंतर व्यवस्थेनं धडा घेतला तो अर्धाच. खोटं मूल पटावर येऊ नये याचा बंदोबस्त वाढत गेला. खरं मूल पटावरून गळू नये याचा विचार मागे पडला. २०२२-२३ पासून संचमान्यतेसाठी आधार वैध असलेलीच मुलं धरली गेली. आता तांड्यावरच्या एखाद्या मुलीचं नाव शाळेच्या दाखल्यावर एक, आधारवर दुसरं, जन्मतारीख तिसरीच. ती रोज समोर बसते, पाढे म्हणते, खिचडी खाते, पण शिक्षक मिळण्यापुरती ती अस्तित्वातच नसते. नाव दुरुस्त करायचं तर बापानं एक दिवसाची मजुरी बुडवून उदगीरला आधार केंद्रावर रांग लावायची. तो बाप नेमका फडावर.

तालुक्याचा शिक्षणाचा कारभार पंचायत समितीच्या इमारतीत बसतो. गटशिक्षणाधिकारी, त्यांच्या हाताखाली विस्तार अधिकारी, मग दहा-पंधरा शाळांमागे एक केंद्रप्रमुख, मग मुख्याध्यापक. लांबून पाहिलं तर ही चांगली भक्कम उतरंड वाटते. पण गटशिक्षणाधिकाऱ्याला काय करता येतं, असा प्रश्न विचारून पाहावा. शिक्षकाची निवड पवित्र पोर्टलवर होते. बदली ऑनलाइन होते. पगार शालार्थमधून निघतो. पदं किती, हे संचमान्यता ठरवते आणि ती पुण्याहून येते. शाळेचं संयुक्त अनुदान समग्र शिक्षाच्या कोष्टकातून, तीस मुलांपर्यंतच्या शाळेला वर्षाला १० हजार रुपये, त्यातच खडू, सतरंजी आणि वीजबिल. अधिकाऱ्याकडे उरतं ते भेट देणं, नोटीस काढणं आणि माहिती गोळा करून वर पाठवणं. एखाद्या शाळेत दोनपैकी एक गुरुजी चार महिन्यांच्या रजेवर गेले, तर त्या जागी चार महिन्यांसाठी माणूस नेमायचा अधिकार त्याला नाही. दुसऱ्या शाळेतला शिक्षक तो फार तर उचलून इकडे देऊ शकतो. म्हणजे इथलं भोक बुजवायला तिथे पाडायचं.

हे अधिकार वर गेले याला कारण होतं, हे कबूल केलं पाहिजे. बदल्या जिल्हा परिषदेत होत होत्या तेव्हा काय चालायचं, हे जुन्या गुरुजींना विचारा. २०१७ मध्ये बदल्या संगणकावर गेल्या तेव्हा ज्यांचा कोणी वाली नव्हता अशा शिक्षकांनी, विशेषतः शिक्षिकांनी, सुटकेचा निःश्वास सोडला. भ्रष्टाचार कमी करायचा सोपा मार्ग म्हणजे अधिकारच काढून घेणं. पण अधिकाराबरोबर जबाबदारीही निघून जाते. आज उदगीर तालुक्यातल्या एखाद्या गावात तिसरीच्या मुलांना वाचता येत नसेल, तर त्याचा जाब नक्की कोणाला विचारायचा? गुरुजी म्हणतील, पाच वर्गांना आम्ही दोघं. केंद्रप्रमुख म्हणतील, माझ्याकडे अजून एका केंद्राचा पदभार आहे. साहेब म्हणतील, पदं रिक्त आहेत, वर कळवलंय. प्रत्येकाचं म्हणणं खरं असतं.

दुशिक्षकी शाळेतला एखादा मंगळवार घ्या. एक गुरुजी गटसाधन केंद्रात प्रशिक्षणाला गेलेले. उरलेल्या मॅडम उदगीरहून सकाळी अपडाऊन करून आलेल्या. परिपाठ झाला की हजेरी, मग डोकी मोजून तांदूळ काढायचा, पहिली ते पाचवीला माणशी १०० ग्रॅम. स्वयंपाकीण मावशींना तांदूळ मोजून दिला की जेवणाऱ्या मुलांचा आकडा मोबाइलवर भरायचा. वर्गात रेंज नाही म्हणून ओट्यावर उभं राहून. तोवर केंद्राच्या ग्रुपवर ‘अतितातडीचे, आजच’ असा निरोप पडलेला : शौचालयाचे फोटो, लसीकरणाची यादी, गेल्या आठवड्यात पाठवलेलीच माहिती नव्या नमुन्यात. पाचवीची एक हुशार पोरगी पहिली-दुसरीला समोर बसवून बाराखडी म्हणून घेते. दुपारच्या सुट्टीपर्यंत मॅडमनी शिकवलेलं नसतं असं नाही. तिसरीची वजाबाकी हातच्यापर्यंत आलेली असते. शिक्षण हक्क कायद्याच्या २७ व्या कलमानं जनगणना, आपत्ती आणि निवडणुका एवढीच अशैक्षणिक कामं शिक्षकाला लावता येतात. ओट्यावरून फोटो पाठवणं कलमात बसत नाही, कारण कागदोपत्री ते शैक्षणिकच काम आहे.

त्या मॅडम गावात राहत नाहीत, हेही लिहायला हवं. घरभाडे भत्त्यासाठी मुख्यालयी राहण्याची अट आहे, तिला ग्रामसभेचा ठराव लागतो, आणि तो मिळतो. गावाला ठाऊक असतं, शाळेला ठाऊक असतं, साहेबांना ठाऊक असतं. ज्या गावात भाड्यानं धड खोली मिळत नाही तिथे बाईमाणसानं एकटं राहावं असा आग्रह मी धरणार नाही. पण एका खोट्या ठरावावर सही केलेलं गाव पुढे शिक्षकाला कशाचाही जाब विचारू शकत नाही, आणि हे नुकसान घरभाड्याच्या रकमेपेक्षा मोठं आहे.

सगळे अधिकार वर नेण्याच्या या पद्धतीचं नेमकं उलट टोक अमेरिकेत आहे. तिथे तेरा हजारांच्या आसपास शालेय जिल्हे आहेत. त्यांतले कित्येक आपल्या एखाद्या केंद्राएवढे. गावानं निवडलेलं मंडळ, त्यानं नेमलेला अधीक्षक, मालमत्तेवरचा स्थानिक कर, आणि शिक्षक नेमायचा पूर्ण अधिकार. ऐकायला गोड वाटतं. पण ज्या वस्तीची घरं स्वस्त तिच्या शाळेला पैसा कमी. टेक्सासमधल्या एजवूड या गरीब जिल्ह्यातले पालक याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १९७३ साली हरले. त्या मानानं आपलं बरं आहे : पुण्याजवळच्या गुरुजींना जो पगार, तोच जळकोटच्या तांड्यावरच्या. उदगीरच्या गावांनी आपल्या करावर शाळा चालवायची म्हटलं तर आठ दिवस चालणार नाही. पैसा वरूनच यावा, समान यावा. निर्णय मात्र सगळेच्या सगळे वर असायला हवेत असं कुठे आहे?

आपण निर्णय खाली आणले होते, हेही विसरायला नको. निजामाच्या राजवटीत उदगीर बिदर जिल्ह्यात होतं, सरकारी शिक्षण उर्दूतून. मायबोलीतलं शिक्षण ही तेव्हा लोकांनी स्वतः उभी करायची गोष्ट होती. १९२१ ची हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा त्यातूनच निघाली. राजवट गेली, १९५६ मध्ये उदगीर मराठी मुलखात आलं, आणि १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा सुरू झाल्या तेव्हा प्राथमिक शाळा त्यांच्या हवाली झाल्या. गावचं शिक्षण गावच्या प्रतिनिधीच्या नजरेखाली, ही त्यामागची कल्पना. पुढे प्रतिनिधींनी तिचं जे केलं ते केलं. पण मार्च २०२२ मध्ये लातूरसकट राज्यातल्या बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत संपली आणि प्रशासक बसले, तेव्हा शिक्षण समितीही गेली, सभापतीही गेले. वर्षानुवर्षं निवडणुका नसूनही शाळांच्या कारभारात फारसा फरक पडला नाही, यावरून प्रतिनिधींच्या हाती आधीच किती कमी उरलं होतं ते कळतं.

लातूर म्हटलं की लोक बारावी-नीटच्या निकालांच्या ‘लातूर पॅटर्न’बद्दल बोलतात. तो खरा आहे, त्यामागे मेहनत आहे. पण तो सुरू होतो दहावीनंतर, आणि त्यात राज्यभरातली निवडक मुलं येतात. बारावीचा आणि नीटचा निकाल हे या जिल्ह्याच्या शाळांचं प्रगतिपुस्तक समजणं ही शुद्ध फसगत आहे. तांड्यावरच्या तिसरीत काय चाललंय याचा निकालाच्या फलकांवरच्या फोटोंशी काही संबंध नाही. २०१५ च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’नं निदान प्रश्न बरोबर विचारला होता : प्रत्येक मूल शिकलं का? साताऱ्याच्या कुमठे बीटनं, म्हणजे विस्तार अधिकाऱ्याच्या हाताखालच्या शाळांच्या गटानं, ते करून दाखवलं, मग राज्यभर वर्गांतल्या फरशा रंगल्या. फरशीवरची वर्तुळं अजून दिसतात. कुमठ्यात बीटच्या पातळीवर एका अधिकारी बाईंनी शिक्षकांबरोबर बसून जे उभं केलं होतं, ते शासन निर्णयानं पाठवता आलं नाही.

आता वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांवर डोळा आहे. राज्यात २०२३ च्या सुमारास अशा सुमारे पंधरा हजार होत्या. अशा शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याचा विचार २०२३ मध्ये पुढे आला. मार्च २०२४ च्या निर्णयानं सहावी-सातवीच्या वर्गांत वीसच्या आत पट असेल तर शिक्षकाचं पदच मिळू नये अशी तरतूद केली. नऊ मुलांची शाळा शैक्षणिकदृष्ट्या बरी नसते, हे मी नाकारत नाही. पण सातवीतल्या मुलीला तीन किलोमीटर पलीकडे जावं लागलं तर ती जाते की घरी बसते, हे पोर्टलला दिसत नाही. गावाला दिसतं, आणि गावाला कोणी विचारत नाही. शाळा व्यवस्थापन समितीत पाऊण सदस्य पालक आहेत, निम्म्या महिला आहेत. त्यांच्याकडून सह्या तेवढ्या घेतल्या जातात.

माझं मागणं फार मोठं नाही. प्रत्येक केंद्रात एक-दोन राखीव शिक्षक असावेत आणि त्यांना कुठे पाठवायचं हे तालुक्यानं ठरवावं. पट दोनदा मोजावा, सप्टेंबरमध्ये आणि जानेवारीत. आणि दुसऱ्या मोजणीबरोबर कोणत्या इयत्तेतल्या किती मुलांना वाचता येतं, हे ग्रामसभेत मोठ्यानं सांगावं. यावर शिक्षक संघटनांचा आक्षेप काय असेल ते मला माहीत आहे : जानेवारीत मोजलं तर पट घटेल, पदं जातील. म्हणून जानेवारीच्या मोजणीनं पद कमी करायचं नाही, असा नियम आधी करावा. त्या मोजणीत जे मूल नाही ते कुठल्या कारखान्याच्या फडावर आहे, एवढंच नोंदवायचं. मुकादमाच्या वहीत ती नोंद असते. जोड्या किती, लेकरं किती, कुठल्या गावची. पंचायत समितीच्या दप्तरात ती असायला नवं पोर्टल लागत नाही. ऑक्टोबरात मुकादमाला बोलावून ती वही पाहायची, आणि हंगामी वसतिगृहाची मंजुरी त्याच आठवड्यात तालुक्यातच द्यायची.