आठवणीला तिथी असावी

अर्धा तास मोकळा असेल तेव्हाच हे वाचायला घ्या. दार लोटून घ्या. जमिनीवर बसणं जमत असेल तर भिंतीला पाठ टेकून बसा, नाहीतर खाटेच्या कडेवर. परिच्छेद संपला की थांबायचं, दोन-चार श्वास जाऊ द्यायचे, मग पुढे.

पिंपळनेर डोळ्यांसमोर आणू. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्याच्या पश्चिमेचं गाव. मागे डोंगर, गावाशेजारून पांझरा नदी. ती पुढे धुळे करत तापीला मिळते. गावातली पुष्कळ माणसंही पोटासाठी बाहेर पडली, कुणी धुळ्याला, कुणी नाशिकला, कितीतरी जण सुरतेला. मागे राहिलेल्या घरात माळ्यावर एक पत्र्याची पेटी असते. आजीचं लुगडं, आजोबांचा काडी तुटलेला चष्मा, पोस्टकार्डांची चळत, कधीचं बंद पडलेलं घड्याळ. तुमच्या घरातही अशी पेटी असेलच. सुरतेच्या फ्लॅटमध्ये ती पलंगाखालच्या कप्प्यात असेल, एवढाच फरक.

त्यातली एक वस्तू मनात येऊ द्या. सगळ्यात मोलाची शोधत बसू नका, पहिली आली ती घ्या. जवळ असेल तर हातात घ्या. नसेल तर डोळे मिटून तिचं वजन हातात आणा.

थांबा.

आता तिच्याकडे नुसतं बघा. कडा कुठे झिजल्यात? कुणाच्या बोटांनी झिजल्यात? कापड असेल तर घडी उलगडून वास घ्या. डोळ्यांनी पाहिलेलं आणि कानांनी ऐकलेलं मेंदूत थॅलॅमस नावाच्या केंद्रातून पुढे जातं. वासाला तो वळसा नाही; भावना आणि आठवणी सांभाळणाऱ्या भागांपर्यंत तो फार जवळच्या वाटेनं पोचतो. म्हणून लुगड्याच्या घडीतून वास आला की माणसाचं नाव ओठांवर येण्याआधी गळा दाटतो. दाटला तर दाटू द्या. मन कच्चं असल्याची ती खूण नव्हे, शरीराची घडणच तशी आहे.

मग स्वतःला विचारा: ही वस्तू मला काय देते?

डोनाल्ड विनिकॉट हे इंग्लंडमधले बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषक. १९५३ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात त्यांनी तान्ह्या मुलाच्या हातातल्या पांघरुणाच्या टोकाकडे गंभीरपणे पाहिलं. आई खोलीत नसते तेव्हा मूल ते टोक गच्च धरतं. चिंधी म्हणजे आई नव्हे, हे त्याला हळूहळू कळत असतं, तरी धीर मिळतो. आईच्या जुन्या लुगड्यांची गोधडी पांघरून आपल्याकडे कितीतरी मुलं वाढली. मोठेपणी तीच गोधडी परमुलखातल्या खोलीत अंगावर ओढताना मिळणारा धीर त्याच जातीचा असतो.

घरासाठी झुरणं हा एकेकाळी आजार मानला जाई. १६८८ साली योहानेस होफर या तरुण वैद्यानं परदेशी राहणाऱ्या स्विस लोकांचं झुरणं तसं नोंदवलं होतं. २००६ साली साउदम्प्टन विद्यापीठातल्या संशोधकांना वेगळंच आढळलं. एकटं वाटलं की माणूस जुने दिवस आठवतो, आणि ते आठवले की आपण कुणाचे तरी आहोत ही जाणीव बळावते. सुरतेत पाळीवरून परतलेला माणूस रात्री बापाचं घड्याळ हातात घेऊन बसला, तर त्याला बसू द्यावं.

श्वास घ्या. वस्तू मांडीवर ठेवा.

गेलेल्या माणसाशी असलेलं नातं संपवावं का? १९१७ साली फ्रॉइडनं शोकावर लिहिलं तेव्हा मत असं होतं की मनानं हळूहळू त्या माणसातून स्वतःला सोडवून घ्यायचं असतं. पुढे १९९६ साली शोकाचे अभ्यासक डेनिस क्लास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका ग्रंथात दुसरी बाजू मांडली: नातं तुटत नाही, रूप बदलून चालू राहतं, आणि ते निरोगी असू शकतं.

खानदेशातल्या बायका हे आखाजीला करतच आल्या आहेत. आखाजी म्हणजे वैशाखातली अक्षय्य तृतीया. कुंभाराकडून आणलेली घागर पाण्यानं भरायची, तिच्यावर डांगर ठेवायचं. उंबरठ्यावर कुंकवाचं एकेक बोट ओढायचं आणि दर बोटागणिक एकेका गेलेल्याचं नाव घ्यायचं. मग पुरणाचा घास निखाऱ्यावर टाकून आगारी द्यायची. नाव मनात घेऊन भागत नाही, तोंडानं घ्यावं लागतं. सासरहून आलेल्या लेकी ते ऐकतात. दुपारनंतर त्याच लेकी झोक्यावर असतात.

तुम्हीही त्या वस्तूच्या माणसाचं नाव आत्ता एकदा मोठ्यानं घ्या. तुमचा आवाज तुम्हाला ऐकू यायला हवा. नुसतं नाव, नात्यासकट.

थांबा.

आता श्रावणात चला. नागपंचमीनंतरचा रविवार, खानदेशातल्या घरात कानबाई ही देवी येते. पुष्कळ घराण्यांत कानबाईचा नारळ पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला असतो. जुन्या नारळाला नवा लावून पूजा करतात, त्याला परणणं म्हणतात. घराला रंगरंगोटी होते, भाऊबंद गोळा होतात, सव्वा मूठ गव्हाच्या हिशेबानं रोट होतात, रात्र गाण्यांनी जागते. सोमवारी कानबाई वाजतगाजत नदीवर जाते. त्यानंतर तो जुना नारळ पुन्हा वर्षभरासाठी जपून ठेवला जातो.

या रीतीकडे सावकाश बघा. घराण्यातली ही सगळ्यात जपलेली वस्तू, पण रोज डोळ्यांसमोर नसते. तिला दिवस आहे, जागा आहे, माणसं आहेत, गाणी आहेत, खाणं आहे. तो दिवस सरला की ती आत जाते आणि घर शेतीच्या कामाला लागतं. ठेव्याचं ओझं होऊ नये याची सोय या रीतीतच आहे.

आपल्या पेटीला अशी सोय आहे का? काही घरांत पेटी कधी उघडतच नाही. तिचा विषय निघाला की कुणीतरी उठून जातं. काही घरांत ती कधी मिटतच नाही: मुलाची खोली तशीच, चपला दारात तशाच, आणि जिवंत माणसं त्यांना वळसा घालून चालतात. दोन्हीकडे दुःखाला बाहेरची वाट मिळालेली नसते. पहिलं वर्ष असं जाणं स्वाभाविक आहे. पण वर्ष उलटूनही तीच ओढ जवळजवळ रोज, तितक्याच जोरानं येत असेल, कामधंदा आणि माणसं सुटत चालली असतील, तर तो लांबलेला शोक असू शकतो. २०२२ साली अमेरिकेतल्या मनोविकारांच्या निदानपुस्तिकेत त्याची स्वतंत्र नोंद झाली. त्यावर उपचार आहेत. टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येतं.

इतकं तीव्र नसेल, तर मांडीवरच्या वस्तूला तीन प्रश्न विचारू. उत्तराची घाई नको.

पहिला: तुला पाहिलं की माणूस आठवतो, की घाव? काही वस्तू छळाच्याही असतात. नकोशा लग्नातलं मंगळसूत्र, मारकुट्या माणसाचा पट्टा. त्या जपण्याचं कर्तव्य कुणावर नाही.

थांबा.

दुसरा: तुला मी मायेनं ठेवलंय, की टाकलं तर पाप लागेल म्हणून? अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठाच्या वसतिगृहांत जुन्या वस्तू दान करण्याचं आवाहन झालं. काही इमारतींत सांगितलं, आधी फोटो काढून ठेवा, मग द्या. तिथून ६१३ वस्तू आल्या, बाकीच्यांतून ५३३. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाचा अर्थ साधा आहे: हात वस्तूला धरत नव्हता, आठवण पुसली जाईल या भीतीला धरत होता. आजोबांची दहा धोतरं असतील तर त्यांच्या एका धोतरात आजोबा मावतात. बाकीची गोधडीत जाऊ द्या. त्यांनीही तेच केलं असतं.

थांबा.

तिसरा: तुझा दिवस कोणता? आखाजी असेल, कानबाईचा रविवार असेल, त्या माणसाची तिथी किंवा वाढदिवस असेल. एक दिवस नक्की करा. त्या दिवशी वस्तू बाहेर काढायची, घरातल्या लहानांच्या हातात द्यायची, त्या माणसाची एक गोष्ट सांगायची. गोष्ट थोरवीचीच हवी असं नाही. आजोबा हिशेबात कसे चिक्कू होते, हेही चालेल. आवडीचा एखादा पदार्थ करायचा. संध्याकाळी घडी घालून परत ठेवायची. अधल्यामधल्या दिवसांत आठवण आली तर येऊ द्यायची, पण पेटी उघडायलाच हवी असं नाही. तिचा दिवस येणार आहे, हे मनाला सांगता येतं.

डोळे उघडा, पाय मोकळे करा. आजच दोन गोष्टी कागदावर लिहा: त्या वस्तूची तिथी, आणि तुमच्यानंतर ती कुणाकडे जाईल त्याचं नाव. मग भावाला, बहिणीला विचारा, या वस्तूची तुला ठाऊक असलेली गोष्ट काय? ती तुमच्या गोष्टीशी जुळली नाही तर वाद घालू नका, दोन्ही लिहून ठेवा. आणि जिला कुठलीच तिथी सुचली नाही, जिची गोष्ट कुणालाच सांगता आली नाही, ती वस्तू खुशाल देऊन टाका. तिचं काम झालेलं आहे.