आगाऊ पैसे आणि दिलेला शब्द



वर्षाची वर्गणी भरून आपण एखादे मासिक मागवतो, तेव्हा त्या वर्षाचे अंक अजून लिहिलेही गेलेले नसतात. न लिहिलेल्या मजकुराचे पैसे आपण आधी मोजतो. संपादकांनी दिलेला शब्द हेच त्या व्यवहाराचे तारण असते. हीच जुनी रीत २०१२ पासून एका नव्या क्षेत्रात फार मोठ्या प्रमाणावर अवलंबण्यात आली. ते क्षेत्र म्हणजे संगणकावर खेळावयाचे भूमिकाप्रधान व्हिडिओ गेम. अशा खेळात खेळणारा एका कल्पित जगातील पात्राची भूमिका घेतो. त्याच्या वतीने बोलतो, साथीदार निवडतो, निर्णय घेतो, आणि त्या निर्णयांनुसार कथा वळण घेते. आपल्या घरातील तरुण मंडळींना हे खेळ चांगले परिचित आहेत. असे खेळ तयार करण्यासाठी हजारो लोकांकडून वर्गणी गोळा करण्यात आली व त्यांना पुष्कळ वचने देण्यात आली. ती वचने पाळली गेली काय? विषय खेळाचा आहे. परंतु त्यातील प्रश्न दिलेल्या शब्दाचा असल्यामुळे प्रौढ वाचकानेही त्याचा विचार करावा असे वाटते.

प्रथम या व्यवहाराचे स्वरूप पाहू. न्यू यॉर्क येथे २००९ साली किकस्टार्टर ही कंपनी सुरू झाली. कलावंत, ग्रंथकार किंवा खेळ तयार करणारे आपला संकल्प तेथे मांडतात, किती रक्कम हवी ते सांगतात व मुदत ठरवतात. मुदतीत ती रक्कम जमली तरच लोकांचे पैसे घेतले जातात. न जमल्यास कोणाचेही पैसे घेतले जात नाहीत. जमलेल्या रकमेतून कंपनी शेकडा ५ घेते. पैशाच्या देवघेवीचा खर्च वेगळा. मोठ्या प्रकाशक कंपन्यांना त्या काळी जुन्या धाटणीचे, विपुल मजकुराचे भूमिकाप्रधान खेळ फायद्याचे वाटत नव्हते. म्हणून ज्यांना ते करावयाचे होते त्यांनी थेट खेळणाऱ्यांपुढे हात पसरले, आणि लोकांनी ते हात भरले.

कॅलिफोर्नियातील इनएक्साइल या कंपनीने २०१२ साली 'वेस्टलँड २' या खेळासाठी ९ लाख डॉलर मागितले. ६१ हजारांहून अधिक लोकांनी मिळून २९ लाखांवर डॉलर दिले. खेळ ऑक्टोबर २०१३ मध्ये देऊ असे सांगितले होते. तो सप्टेंबर २०१४ मध्ये आला. त्याच वर्षी ऑब्सिडियन या कंपनीने 'पिलर्स ऑफ इटर्निटी'साठी ११ लाख डॉलर मागितले; तिला ३९,८६,९२९ डॉलर मिळाले. हा खेळ एप्रिल २०१४ ऐवजी २६ मार्च २०१५ रोजी प्रसिद्ध झाला. दुसरे मोठे नगर, पंधरा मजली भुयार, नायकाचा स्वतःचा किल्ला, असे जे जे कबूल केले होते ते खेळात होते. किल्ला पोकळ वाटतो अशी तक्रार झाली, तेव्हा २०१६ मध्ये तो सुधारून देण्यात आला. प्राग येथील वॉरहॉर्स या कंपनीने 'किंगडम कम : डिलिव्हरन्स' हा मध्ययुगीन बोहेमियातील खेळ २०१५ अखेर देऊ म्हणून सांगितले व फेब्रुवारी २०१८ मध्ये दिला. त्यात स्त्री पात्राची भूमिका करता येईल असे एक वचन होते. ते पुरे होण्यास मे २०१९ उजाडला. पण ते पुरे झाले.

या सर्व उदाहरणांत उशीर झाला, पण दिलेला शब्द बव्हंशी राखला गेला. आता दुसरी बाजू पाहू. २०१३ साली 'प्रोजेक्ट फिनिक्स' या जपानी खेळासाठी सुमारे सोळा हजार लोकांनी दहा लाखांहून अधिक डॉलर दिले. खेळ २०१५ साली मिळावयाचा होता. दहा वर्षे उलटून गेली तरी तो वर्गणीदारांच्या हाती पडला नाही. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील प्राध्यापक ईथन मॉलिक यांनी किकस्टार्टरवरील सर्व प्रकारच्या संकल्पांचा अभ्यास केला. त्यांच्या २०१५ च्या निष्कर्षानुसार, रक्कम जमलेल्या संकल्पांपैकी शेकडा ९ संकल्पांनी वर्गणीदारांना कबूल केलेली वस्तू दिली नाही. म्हणजे बहुतेकांनी दिली. उशीर मात्र नेहमीचाच.

हा उशीर का होतो? थोडा हिशेब करून पाहू. अमेरिकेतील या व्यवसायात एका माणसाचा महिन्याचा एकंदर खर्च सुमारे १० हजार डॉलर धरण्याची रीत होती. ४० लाख डॉलरांतून दलाली व इतर खर्च वजा जाता ३६ लाख उरले असे धरू. तीस माणसे कामाला लावली तर ही रक्कम बरोबर बारा महिने पुरते. ज्या खेळाला तीन वर्षे लागतात त्याचे पहिलेच वर्ष त्यात निघते. उरलेले पैसे कंपनीने पदरचे घालावे, अर्धवट खेळ आधी विकून उभे करावे किंवा एखादा धनिक शोधावा. वॉरहॉर्सने तर उघडच सांगितले होते की लोकांना असा खेळ हवा आहे हे आपल्या धनिकाला पटवण्यासाठी ही वर्गणी आहे. ज्याने हे आधी सांगितले त्याने वर्गणीदारास अंधारात ठेवले नाही.

या हिशेबापेक्षाही मोठे कारण मनुष्यस्वभावात आहे. मागितलेली रक्कम जमली की तेवढ्यावर थांबावे असे कोणास वाटत नाही. मग 'वाढीव उद्दिष्टे' जाहीर होतात. आणखी दोन लाख द्या, आणखी एक नगर देऊ. आणखी तीन लाख द्या, आणखी एक साथीदार देऊ. आणखी द्या, आणखी भाषांत देऊ. पैसे तासातासाने वाढत असतात, हजारो लोक टाळ्या वाजवत असतात, आणि त्या भरात उचलली जीभ लावली टाळ्याला असे होते. मूळ संकल्प कदाचित वर्षभर विचार करून मांडलेला असतो. ही वाढीव वचने मात्र एका रात्रीत दिली जातात. ज्या वचनांबद्दल पुढे कटुता आली त्यांत अशा घाईच्या वचनांचा वाटा मोठा आहे.

इनएक्साइलचाच 'टॉर्मेंट : टाइड्स ऑफ न्यूमेनेरा' हा खेळ याचे बोलके उदाहरण होय. २०१३ साली त्याच्यासाठी पहिले दहा लाख डॉलर सुमारे सात तासांत जमले. अखेरीस ७४ हजारांहून अधिक लोकांनी ४१,८८,९२७ डॉलर दिले. खेळ डिसेंबर २०१४ ऐवजी २८ फेब्रुवारी २०१७ रोजी आला. त्यात सांगितल्यापेक्षा कमी साथीदार होते, आणि कबूल केलेले इटालियन भाषांतर तर वगळण्यातच आले. खेळात दहा लाखांच्या घरात शब्द. एवढ्या मजकुराचे भाषांतर करण्याचा खर्च इटलीतील अपेक्षित विक्रीतून निघणार नाही, असे कारण देण्यात आले. काही गोष्टी गाळल्याचे आधीच कळवावयास हवे होते, हेही कंपनीने २०१७ च्या जानेवारीत मान्य केले.

भाषांतराच्या कामात आयुष्य घालवलेल्या माणसाला ही हकीकत वाचून चैन पडत नाही. हिशेब खोटा होता असे मी म्हणत नाही. तो बहुधा खराच असेल. परंतु त्या इटालियन वाचकाचा विचार करा. त्याने इतरांइतकेच पैसे दिले, तेही आपल्या भाषेत कथा वाचावयास मिळेल म्हणून. इंग्रजी जाणणाऱ्याला खेळ उशिरा मिळाला. याला मिळूनही न मिळाल्यासारखा झाला. वचन मोडावयाची वेळ येते तेव्हा ते सर्वांशी सारखे मोडत नाही. ज्यांची संख्या थोडी, ज्यांची भाषा बाजारात लहान, त्यांच्याशी ते आधी मोडते. लहान भाषांत वाचणाऱ्या आपल्यासारख्यांना हे वेगळे सांगावयास नको.

येथे कोणी म्हणेल, वर्गणीदाराने धोका समजूनच पैसे दिले होते. मग तक्रार कसली? किकस्टार्टरनेही २०१२ साली स्पष्ट केले की आपण दुकान नव्हे. या आक्षेपाचा नीट विचार केला पाहिजे. आपल्या भाषेत पैसे देण्याला निरनिराळे शब्द आहेत व प्रत्येकाबरोबर निराळे कर्तव्य येते. किंमत दिली की वस्तू मिळालीच पाहिजे. भांडवल दिले तर नफ्यात वाटा मिळावा, तोटाही सोसावा. देणगी दिली की परत काही मागावयाचे नसते. वर्गणी या तिन्हींच्या मध्ये उभी आहे. वर्गणीदाराला नफ्यात वाटा नाही, देणगीदाराचा निरपेक्ष भाव त्याच्याकडून कोणी अपेक्षित नाही, आणि वस्तू तर अजून अस्तित्वातच नाही. मग त्याचे देणे ते कोणते?

विहिरीचे उदाहरण घ्या. विहीर खणणाऱ्याला पाणी किती हातांवर लागेल हे निश्चित सांगता येत नाही. अमुक महिन्यात पाणी देतो असे तो म्हणाला तर तो त्याचा अंदाज असतो, आणि सुज्ञ माणूस तो अंदाज म्हणूनच ऐकतो. परंतु दोन गोष्टी त्याच्या पूर्णपणे हातात असतात. घेतलेल्या पैशांत तो ही विहीर खणील, दुसऱ्याची नव्हे. आणि कातळ लागला तर त्याच संध्याकाळी येऊन सांगेल. पाणी न लागण्याचा धोका आपण पत्करलेला असतो. कातळ लपवून ठेवला जाण्याचा धोका आपण कधीच पत्करलेला नसतो. या दोहोंतील अंतर मोठे आहे, आणि माझ्या मते प्रस्तुत प्रश्नाचा निवाडा त्या अंतरावरच व्हावयास हवा.

कायद्याची दिशाही काहीशी अशीच दिसते. २०१४ पासून किकस्टार्टरच्या अटींत असे आहे की संकल्प तडीस नेणे अशक्य झाल्यास पैसे कसे खर्च झाले ते वर्गणीदारांस सांगावे व शिल्लक रक्कम परत करण्याची तयारी दाखवावी. खेळाच्या पत्त्यांचा एक विशेष जोड देऊ म्हणून पैसे घेणाऱ्या व तो न देणाऱ्या एका कंपनीवर अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्याने २०१४ साली दावा लावला. २०१५ साली न्यायालयाने ५४,८५१ डॉलर भरण्याचा हुकूम केला. त्यांपैकी ६६८ डॉलर त्या राज्यातील ३१ वर्गणीदारांच्या भरपाईचे होते; बाकी दंड व खर्च. ६६८ डॉलरांसाठी एवढा खटाटोप, असे वाटेल; परंतु रक्कम लहान म्हणून शब्द लहान होत नाही, हाच त्या निकालाचा अर्थ घ्यावयाचा.

ही अडचण संगणकासमवेत जन्मली असे मात्र कोणी समजू नये. इंग्रज ग्रंथकार सॅम्युएल जॉन्सन यांनी शेक्सपिअरच्या नाटकांची संपादित आवृत्ती काढण्यासाठी १७५६ साली वर्गणीदारांकडून आगाऊ पैसे घेतले व पुढल्याच वर्षी ग्रंथ देऊ असे कळवले. वर्षे लोटली. वर्गणीदारांची यादी गहाळ झाली, पैसेही खर्च झाले. १७६२ साली चार्ल्स चर्चिल या कवीने त्यावरून त्यांची जाहीर खिल्ली उडवली. ग्रंथ निघाला तो १७६५ मध्ये, आणि पिढ्यान्‌पिढ्या वाचला गेला. ग्रंथ थोर निघाला म्हणून आठ वर्षांचा विलंब क्षम्य ठरतो काय? थोड्याफार प्रमाणात ठरतो. परंतु त्या काळात जे वर्गणीदार मरण पावले त्यांच्या बाबतीत तो हिशेब कायमचा अपुरा राहिला.

मृत्यूची गाठ वचन देणाऱ्याशीही पडते. 'आयुडेन क्रॉनिकल : हंड्रेड हीरोज' या जपानी खेळासाठी २०२० साली ४८ कोटी येनहून अधिक वर्गणी जमली. त्याचे प्रमुख लेखक योशिताका मुरायामा ६ फेब्रुवारी २०२४ रोजी निवर्तले. २३ एप्रिल २०२४ रोजी, मूळ मुदतीनंतर सुमारे दीड वर्षाने, त्यांच्या सहकाऱ्यांनी खेळ वर्गणीदारांच्या हाती दिला. शब्द एकाने दिला होता. तो पुरा करण्याचे ओझे इतरांनी आपले मानले.

तेव्हा मूळ प्रश्नाचे उत्तर असे. हे खेळ करणाऱ्यांपैकी नामवंतांनी वस्तू दिली, तारीख क्वचितच पाळली, आणि भरात दिलेली वाढीव वचने कधी पाळली, कधी गाळली. चुकलेल्या तारखेबद्दल त्यांना फार दोष देऊ नये. तो अंदाज होता. परंतु जे करावयाचे नाही असे आपल्याशी ठरून गेले आहे ते महिनोन्‌महिने न सांगणे, हा उशीर नव्हे. तेथे शब्द मोडलेला असतो, मग खेळ कितीही सुंदर निघो. आणि पैसे देणाऱ्याचेही एक कर्तव्य आहे. बुडाले तर घराची घडी विस्कटेल असे पैसे या वाटेने देऊ नयेत. आणि दिल्यावर उशिराची वार्ता प्रामाणिकपणे कळवणाऱ्यावर तुटून पडू नये. खरे बोलणाऱ्यालाच आपण शिक्षा करू लागलो, तर पुढल्या खेपेस तो गप्प राहावयास शिकेल.

वाचकहो, हे खेळ आपण खेळत असाल वा नसाल. आगाऊ पैसे घेणारे व देणारे आपण सर्वच आहोत. इमारतीसाठी निधी जमवणारी संस्था, घर बांधून देणारा, ग्रंथाची पूर्वनोंदणी करणारा प्रकाशक, हप्ता घेऊन काम अंगावर घेणारा सुतार, या सर्वांपाशी कोणाचा तरी विश्वास ठेवीसारखा पडून असतो. आपल्यापाशी असा कोणाचा शब्द, कोणाचे पैसे आज पडून आहेत, आणि लागलेल्या कातळाची वार्ता आपण त्यांना कळवली आहे काय, याची यादी प्रत्येकाने एकदा करून पाहावी.