गोऱ्ह्याच्या वाट्याचा चीक

फलटण तालुक्यातल्या एका वस्तीवर पहाटे गाय गेली आणि तिचा गोऱ्हा जगला. पहिलारू एचएफ संकरित कालवड होती. वासरू अंगानं मोठं, गाय अडली, आणि डॉक्टर पोचायच्या आत चौघांनी दोर लावून ओढलं. वासरू बाहेर आलं, पण गाईला आतून इजा झाली होती. रक्त थांबेना. उजाडायच्या आत तिनं मान टाकली. शिरवळच्या पशुवैद्यक महाविद्यालयात शेवटच्या वर्षाला असलेली मालकांची भाची सातच्या सुमाराला गोठ्यात शिरली, तेव्हा गोऱ्हा पोत्यावर पडून होता. हे मामा आणि ही भाची कल्पनेतली माणसं आहेत. त्यांच्यात जो वाद झाला, तो मात्र दुधावर चालणाऱ्या कुठल्याही घरात होऊ शकतो, आणि बहुतेक घरांत तो कुणी काही न बोलताच मिटवला जातो.

भाचीनं आधी वासराच्या तोंडात बोट घातलं. तोंड गार होतं, पण तो चोखत होता.

"चीक पाजला, मामा?"

"कुठला चीक? गायच गेली."

"वासरू दोनला पडलं. गाय गेली पाचला. मधल्या तीन तासांत धार काढली नाही?"

मामा तिच्याकडं बघतच राहिले. "मरायला टेकल्याली गाय पिळायची? अगं, तिला पानी पाजत बसलो व्हतो मी. अशा वक्ताला तिच्या कासंला हात लावायचा?"

"तुमच्यासाठी नाही, त्याच्यासाठी. तो चीक त्याचाच होता."

या उत्तरामागं एक कठोर शरीरशास्त्र आहे. माणसाच्या बाळाला आईच्या पोटात असतानाच तिच्या रक्तातली रोगप्रतिकारक द्रव्यं मिळू लागतात. गाईची वार ती द्रव्यं पलीकडे जाऊ देत नाही. वासराला ती फक्त चिकातून मिळतात, आणि चिकातली ती मोठी प्रथिनं जशीच्या तशी रक्तात घेण्याची आतड्याची क्षमता जन्मल्यापासून दर तासाला घटत जाते. चोवीस तासांत ती जवळपास संपते. म्हणून पहिला चीक तासा-दोन तासांत पाजायचा, आणि पहिल्या दिवसात वासराच्या वजनाच्या दहाव्या हिश्श्याइतका. हा गोऱ्हा सदतीस-अडतीस किलोचा असेल, म्हणजे साडेतीन लिटरच्या वर. आपल्याकडं अजून कितीतरी घरांत वार पडल्याशिवाय वासराला पाजत नाहीत. गाय सुखरूप व्याली तरी वार पडायला आठ-बारा तास लागू शकतात, आणि तोवर वासरू उपाशी राहतं. पुढं आठवड्याभरात त्याला हगवण लागली की नशिबाला बोल लावला जातो.

पण मामांचा संकोच अडाणीपणाचा नव्हता, हेही मान्य केलं पाहिजे. ज्या जनावराकडून आपण रोज घेत आलो, त्याच्या शेवटच्या घटकेला तरी काही घेऊ नये, ही भावना सभ्य माणसाचीच असते. त्या रात्री तिच्यापायी एक जीव उपाशी राहिला, एवढंच.

भाची वाद घालत थांबली नाही. शेजारच्या काकींची गाय आदल्या दिवशी संध्याकाळी व्याली होती. त्यांनी पहिला चीक खरवसासाठी पातेल्यात काढून ठेवला होता. तिनं तो मागितला. काकींनी पातेलं उचलून तिच्या हातात दिलं आणि विचारलं, "कालवड हाय का गोऱ्हा?" उत्तर ऐकून त्या फक्त "बरं" म्हणाल्या.

चीक कोमट करून बाटलीनं दोन लिटर पाजून झाला. मामा दावणीला टेकून बसले होते. मग त्यांनी मनातलं बोलून दाखवलं.

"पाजलास, चांगलं केलंस. पन पुढं? गोऱ्हा हाय ह्यो. दोन म्हयनं ह्याला रोज चार लिटर दूध. लिटरला तीस रुपयं धर."

"सात हजार दोनशे."

"आनि दोन म्हयन्यांनी काय? एचएफच्या गोऱ्ह्याला वशिंड न्हाई, उन्हात धापा टाकतोय, औताला चालत न्हाई. ट्रॅक्टर हाय दारात. बाजारात कोन घेनार?"

बाजाराचा प्रश्न खरा आहे. महाराष्ट्रात गोहत्येवर बंदी १९७६ च्या कायद्यानं होतीच. त्या कायद्याची १९९५ ची दुरुस्ती राष्ट्रपतींच्या मंजुरीनंतर मार्च २०१५ मध्ये लागू झाली आणि बंदी वळू-बैलांपर्यंत गेली. त्या निर्णयाच्या बऱ्यावाईटाबद्दल मतं वेगवेगळी असतील. गोठ्यातला परिणाम असा, की ज्या नराला काम नाही त्याला गिऱ्हाईकही नाही. तो जिवंत ठेवण्याचा सगळा खर्च दोन-चार गाई पाळणाऱ्या घरावर पडतो.

शेजारच्या माणदेशात याच्या नेमकी उलट रीत दिसते. तिथं खिलार गाईला खोंड झाला की त्याला पोटभर पिऊ देतात, घरात चहाला दूध नसलं तरी चालतं. खोंड तयार झाला की त्याला औताला, यात्रेच्या बाजारात आणि शर्यतीत मोल आहे. मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं बैलगाडा शर्यतीला परवानगी देणारा राज्याचा कायदा वैध ठरवल्यापासून तर त्याला मागणी आहेच. दोन्ही वासरं सारखीच ओली, सारखीच धडपडत उभी राहणारी. एकाला आख्खी कास मिळते आणि दुसऱ्याला आखूड दावं.

"मग काय करायचं म्हणता?" भाचीनं विचारलं.

"मी काय त्याला मारतोय व्हय? बांधून ठेवायचा. जगला तर जगला."

"म्हणजे मारायचं नाही, पाजायचंही नाही."

मामा गप्प राहिले. हे वाक्य त्यांना लागलं, कारण त्यात खोटं काही नव्हतं. अर्धा लिटर दूध, तेही पाणी घातलेलं, मग हगवण, मग एके सकाळी पाय ताणून पडलेलं वासरू. कुणी हात उचललेला नसतो, म्हणून कुणाला पाप लागत नाही. कायद्याला, शेजाऱ्याला आणि देवाला दाखवायला हात स्वच्छ राहतात.

"मला एक सांग," मामा बऱ्याच वेळानं म्हणाले, "काल डॉक्टर वेळेवर असता तर काय केलं असतं?"

"आधी हात घालून बघितलं असतं, पुढचे दोन पाय आणि त्यांच्यावर तोंड आहे की नाही ते. वासरू मोठं आणि वाट अरुंद, तर ओढलंच नसतं. डाव्या कुशीत भूल देऊन, गाय उभी ठेवून सिझेरियन. वासरू आतच मेलेलं असतं, तर कापून काढलं असतं."

"आनि जित्तं असतं, पन दोघांतलं एकच वाचनार असतं तर?"

"गाय." ती लगेच म्हणाली.

"बघ." मामा पुढं सरकले. "म्हंजे तू बी हिशेबच केलास. गाय दूध देती, पुढच्या वर्षी परत येती. वासराचं काय, दुसरं हुईल. मग माझ्या हिशेबाला नावं का ठेवतीस?"

हा प्रश्न चांगला होता आणि भाचीला त्याचं उत्तर तयार नव्हतं. तिनं आधी गाईच्या वेदनांचं कारण दिलं, मग अडलेल्या वासराचे जगण्याचे चान्स तसेही कमी असतात हे सांगितलं. दोन्ही कारणं खरी होती, पण मामांना ती पटली नाहीत आणि तिलाही पुरी पडली नाहीत. शेवटी ती म्हणाली, "रात्री एकाच्या जिवाच्या आड दुसऱ्याचा जीव येत होता. कुणीतरी एक निवडणं भाग होतं. आता त्याच्या आड कुणाचा जीव येतोय, मामा? आड येतायत ते सात हजार दोनशे रुपये."

"ऐंशी हजाराची गाय गेल्याली हाय घरातनं. सात हजार तुला थोडं वाटत्यात?"

"थोडे नाहीतच. पण पैशाच्या अडचणीला धर्मसंकट म्हणू नका. अडचण म्हणा, मग तिच्यावर काही करता येतं."

या ठिकाणी तिला गांधीजींची आठवण झाली आणि तिनं ती गोष्ट मामांना सांगितली. १९२८ मध्ये साबरमती आश्रमातलं एक वासरू असाध्य दुखण्यानं तळमळत होतं. जो जीव आपल्याला देता येत नाही तो घेण्याचा अधिकारही आपल्याला नाही, असा आक्षेप आश्रमातल्याच एका सहकाऱ्यानं घेतला होता. गांधीजींनी तो ऐकून घेतला, आणि अखेर डॉक्टरकडून सुई देववून, स्वतः समोर उभं राहून, त्या वासराचं आयुष्य संपवलं. ते त्यांनी लपवलं नाही. 'नवजीवन' आणि 'यंग इंडिया'त स्वतः लिहून ती कृती अहिंसेतच बसते असं मांडलं. त्यावर संतापाच्या पत्रांचा पाऊस पडला.

"त्यांच्याकडं आश्रम व्हता. माझ्याकडं सोसायटीचं कर्ज हाय," मामा म्हणाले.

"ते खरं. पण त्या वासराला वाचवायचा उपाय नव्हता, म्हणून त्यांनी जे केलं ते उघड केलं. ह्याला वाचवायचा उपाय बाटलीत आहे, आणि आपण जे करणार ते झाकून करणार."

एका आजारी वासराला वेदनेतून सोडवलं म्हणून देशभर वाद झाला. निरोगी गोऱ्हे दुधावाचून जातात, त्याबद्दल कुणी कुणाला पत्र लिहीत नाही. करण्याला आपण पाप मानतो आणि न करण्याला मानत नाही, ही सवय गोठ्यात सगळ्यात महाग पडते, आणि ती किंमत सगळ्यात लहान जिवाकडून वसूल होते.

मामांनी विषय बदलला असं वाटलं, पण ते मुद्द्यावरच येत होते. "काल रातीपासनं एकच डोक्यात हाय. कालवड भरवली तवा किती किलोची व्हती, ठावं न्हाई मला. माजावर आली, रेतनवाल्याला फोन केला, त्यानं कांडी आनली, भरवली. कुठल्या वळूची, कोन इचारतं?"

आता बोलायची पाळी भाचीची होती, पण ती त्यांना म्हणाली, "बोला."

"तीच घोडचूक झाली बघ. पोरवयाच्या कालवडीला हत्तीचं वासरू."

साधारण अडीचशे ते पावणेतीनशे किलो भरल्याशिवाय संकरित कालवड भरवू नये, हा नियम पशुवैद्यक वर्षानुवर्षं सांगत आले आहेत. पहिल्या वेताला ज्याची वासरं अंगानं लहान होतात असा वळू निवडावा, हेही. १९६७ मध्ये मणिभाई देसाईंनी उरुळीकांचनला बाएफ ही संस्था सुरू केल्यानंतर दारापर्यंत कृत्रिम रेतन देण्याची जी वाट तयार झाली, तिनं महाराष्ट्रातल्या लाखो घरांत दूध आणलं. ते उपकार मोठे आहेत. पण रेतन इतकं सोपं झालं, की नऊ महिन्यांनी मध्यरात्री ज्याचा निकाल लागणार तो निर्णय आपण फोनवर, वळू न विचारता, दहा मिनिटांत घेऊन टाकतो. गाय की वासरू, हा प्रश्न रात्री दोन वाजता येतो, तेव्हा तो सोडवायला फार उशीर झालेला असतो. बेल्जियन ब्लू जातीत मांसासाठी अंग इतकं वाढवलं गेलं, की तिथली बहुतेक शुद्ध वासरं सिझेरियननंच जन्मतात. निवड माणसाची आणि कळा गाईच्या, हे तिथं ठळक दिसतं, पण आपल्याकडंही निराळं काही नाही.

"आता सेक्स्ड सीमेनची कांडी मिळते," भाची म्हणाली. "शंभरात नव्वदच्या आसपास कालवडी होतात. कालवड गोऱ्ह्यापेक्षा सहसा हलकी, म्हणजे विणंही सोपं. गाभण राहण्याचं प्रमाण मात्र थोडं कमी."

"म्हंजे गोऱ्हा जन्मूच द्यायचा न्हाई. ह्यो बी न्यायच म्हनायचा का?"

"जन्म देऊन उपाशी ठेवण्यापेक्षा बरा. आणि उरलेल्या दहांना तरी पोटभर पाजता येईल."

मामांचा प्रश्न यानं पुरता मिटत नाही. त्या दहांचा खर्च कुणी करायचा, हे राहतंच. दुधाचा दर ठरताना चारा, पेंड, डॉक्टर, मजुरी यांचा हिशेब मांडला जातो. गोऱ्ह्यानं प्यायलेलं दूध त्यात कुणी धरत नाही. शहरातल्या घरात वसुबारसेला सवत्स धेनूची पूजा होते, सकाळी पिशवीतून दूध येतं, आणि ते दूध ज्या विण्यातून आलं त्यातल्या निम्म्या वासरांचं काय झालं, हे त्या घराला ठाऊक नसतं. तो भार एकट्या मामांनी का उचलायचा? तो दरात धरला पाहिजे, आणि त्यासाठी पिशवीमागं चार पैसे जास्त द्यायची तयारी दूध पिणाऱ्यांनी दाखवली पाहिजे. तोवर मामांनी गोऱ्हा उपाशी ठेवावा, असा त्याचा अर्थ मात्र होत नाही.

गोऱ्हा जगवायचं ठरलं. सकाळ-संध्याकाळ दोन-दोन लिटर दूध, अंगाइतकं कोमट. दुसऱ्या आठवड्यापासून मूठभर वासरांचं खाद्य, समोर स्वच्छ पाणी. रोज किलोच्या आसपास खाद्य खाऊ लागला की दोन महिन्यांनी दूध बंद. नाळेला आयोडीन भाचीनं तेव्हाच लावलं. पुढची कालवड वजन केल्याशिवाय भरवायची नाही आणि कांडीवरचा वळूचा नंबर वहीत लिहायचा, हे मामांनी स्वतःहून सांगितलं.

ज्यांच्या गोठ्यात गाय व्यायला आली आहे, त्यांना एवढीच विनंती. १९६२ हा पशुवैद्यकीय सेवेचा टोल-फ्री नंबर गोठ्याच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा, आणि पाणमोट दिसल्यावर तासाभरात वासरू पुढं सरकलं नाही तर फोन करा. ओढावंच लागलं, तर कळेबरोबर, एकदा एक पाय, एकदा दुसरा, खालच्या दिशेनं. दोन माणसांच्या जोरानं येत नसेल तर थांबा. आणि कुठलीही निरोगी गाय व्याली, की तिच्या वासराचं पोट भरल्यावर उरलेल्या पहिल्या चिकातला लिटर-दोन लिटर बाटल्यांत भरून गोठवून ठेवा. उणे वीस अंशांना तो वर्षभर टिकतो. घरच्या फ्रीजमध्ये बर्फाच्या कप्प्यात ठेवला तर काही आठवड्यांत वापरा. पोरक्या वासरासाठी काढाल तेव्हा गरम पाण्यात बाटली धरून वितळवा, उकळू नका. खरवस दुसऱ्या दिवशीच्या चिकाचाही छान होतो.